चवथीच्या आधी, सूनबाईसाठी

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "दुखायला लागलं की तिला समजेलच ना." पहिलटकरणीला ते चटकन समजत नाही रे. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघं मिळून वाचा.

तिचं पोट अधूनमधून ताठ होतंय, त्या बहुतेक खोट्या कळा असतील. चार पावलं चालली, पाणी प्यायली, कूस बदलली की त्या विरतात. एक आता, दुसरी अर्ध्या तासाने, मग दुपारभर काहीच नाही, असं त्यांचं चालतं. खऱ्या कळा काही केलं तरी थांबत नाहीत. बऱ्याचदा कंबरेतून उठून ओटीपोटात येतात, त्यांचा जोर वाढत जातो, मधलं अंतर कमी होत जातं. तिच्या बेंबीच्या वर हलका तळवा ठेव. कळ आली की पोट कपाळासारखं टणक लागेल, ओसरली की मऊ पडेल. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोज, शिवाय प्रत्येक कळ किती सेकंद टिकते तेही कागदावर लिही. सूनबाई सोसणारी आहे, "एवढं काही नाही" म्हणेल. त्यावर जाऊ नकोस. कळेत तिला बोलणं सुचेनासं झालं, तर ती जोराची समज.

दर ५ मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी, आणि तासभर तसंच चाललं की निघा, असं पहिल्या खेपेला साधारण सांगतात. पण तुम्ही दिवाडीला राहता, मध्ये मांडवी नदी आहे. एवढं थांबणं मला पटत नाही. पुढच्या तपासणीला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात डॉक्टरांनाच विचारा, बेटावरून बांबोळीला यायचं तर कधी निघायचं. रात्री फेरीबोट कुठवर असते, नसेल तेव्हा कोणाला हाक मारायची, तेही आत्ताच विचारून ठेव.

रक्ताची छटा असलेला चिकट स्राव गेला तर घाबरू नका. कळा त्यानंतर काही तासांत येतील, नाहीतर काही दिवसांनी. पाणी गेलं तर मात्र कळा नसल्या तरी निघायचं. किती वाजता गेलं ते लक्षात ठेवा, पॅड लावून रंग बघा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, तेव्हा अजिबात वेळ काढू नका. पाळीसारखं रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखून डोळ्यांसमोर अंधुक झालं, तरी तसंच. सरळ १०८ ला फोन लाव. ३७ आठवडे भरायच्या आत कळा आल्या तरी घरी थांबायचं नाही.

आणि शेजारचं कोणी एरंडेल प्यायला सांगेल. प्रेमानेच सांगेल, पण तिला देऊ नकोस. कळा नुकत्याच सुरू झाल्या असतील तेव्हा थोडी पेज खाऊ दे, झोप लागली तर झोपू दे. पहिल्या वेळी हा सुरुवातीचा काळ बराच लांबतो.

यंदा चवथीला डिचोलीला यायचं मनातही आणू नका. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी इथे आम्ही बांधू. तपासणीची फाइल पिशवीत वर दिसेल अशी ठेव, आणि निघालात की कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.

तुझी आई