टेबलावरचा डॉक्टर

संपादक महोदय,

सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून काल्पनिक पात्रे रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्या गटांत हमखास होणारा वाद म्हणजे खेळाडूचे खरे ज्ञान विरुद्ध नियम. पात्र पन्नास फुटांवरून पडल्यास नियमाने सहा बाजूंचे ५ फासे टाकायचे. सरासरी इजा साडेसतरा. पाचव्या पातळीच्या योद्ध्याकडे साधारण ४४ प्राणगुण (हिट पॉइंट्स, म्हणजे इजा सोसण्याची क्षमता) असतात, म्हणजे तो उठून चालू लागतो. वर ८ तासांच्या विश्रांतीत सगळे गुण परत! गटातला अस्थिरोगतज्ज्ञ इथे खेळ थांबवतो. त्याचे बरोबरच असते, पण प्राणगुण म्हणजे केवळ हाडे-मांस नव्हे; दम आणि नशीबही त्यातच मोजलेले असते.

गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, निकाल नियमावर आणि वर्णन तज्ज्ञावर सोपवावे. ‘हा लंगडताना कसा दिसेल?’ असे विचारले की डॉक्टर खुलतात. चर्चा दोन मिनिटांत आवरावी, उरलेली खेळानंतर.

रसायनतज्ज्ञाने रानटी योद्ध्याच्या तोंडून बंदुकीच्या दारूचे प्रमाण सांगितले, तर मात्र ठाम राहावे: ते पात्राला ठाऊक आहे का, हे बुद्धिमत्तेचा फासा ठरवील. पात्रच किमयागार असेल तर फासाही नको, सरळ मान्य करावे. कोणाचा व्यवसाय काय, हे पहिल्या बैठकीआधीच विचारून ठेवावे. वकील असल्यास विशेषतः.

– काही गेम मास्टर, पुणे