छाटणीआधी चष्मेवाल्याचे घरटे पाहा

संपादक महोदय,

एप्रिल लागला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये पावसाळापूर्व छाटणीची घाई सुरू होते. नेमकी हीच वेळ चष्मेवाला या पक्ष्याच्या विणीची. त्याची वीण फेब्रुवारी ते सप्टेंबर चालते, पण सर्वाधिक घरटी एप्रिलच्या सुमारास होतात.

चष्मेवाला चिमणीहून लहान, जेमतेम ८ ते १० सेंटिमीटरचा. पाठ पिवळट हिरवी, गळा पिवळा, पोट राखी-पांढरे आणि डोळ्याभोवती पांढऱ्या पिसांचे कडे. नर-मादी सारखेच दिसतात. सह्याद्रीच्या डोंगरी रानांत, माथेरान-महाबळेश्वरला त्याचे थवे नेहमी दिसतात. येऊरच्या जंगलात आणि डोंगराच्या कडेने वसलेल्या वस्त्यांतल्या बागांमध्येही तो असतो. जिभेच्या टोकाला बारीक तंतू असल्याने तो काटेसावर, पांगाऱ्याच्या फुलांतला मध टिपतो. तेव्हा परागीभवन होते. शिवाय बारीक अळ्या आणि किडे तो दिवसभर वेचून खात असतो. बागेवर औषध फवारणाऱ्या सोसायट्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

त्याचे घरटे सहजासहजी दिसत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. बारीक फांद्यांच्या बेचक्यात, कोळ्याची जाळी आणि तंतू वापरून ते झोळीसारखे टांगलेले असते. खालून पाहणाऱ्याला पानांचा गुंता वाटतो. फार उंचावरही नसते, त्यामुळे कोयता पहिल्यांदा पोहोचतो तो त्याच फांद्यांपर्यंत. घरटे साधारण ४ दिवसांत बांधून होते. फिकट निळी २ अंडी, सुमारे १० दिवसांनी पिल्ले, आणि पुढच्या १० दिवसांत ती उडण्याजोगी होतात. म्हणजे बांधणीपासून धरले तरी सारे चार आठवड्यांत आटोपते. एका फांदीसाठी एवढे थांबणे कोणत्याही सोसायटीला जड नाही.

छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी ७ ते ९ या वेळेत प्रत्येक झाडापासून ५-६ मीटर लांब उभे राहून १५ मिनिटे पाहावे. जोडी चोचीत किडे घेऊन पुन्हा पुन्हा एकाच बेचक्याकडे जात असेल तर तिथे पिल्ले आहेत. खूण म्हणून रंगीत फडके बांधायचे ते खोडाला. घरट्याच्या फांदीला बांधले तर कावळ्याला आपणच वाट दाखवतो. मोडकी, धोकादायक फांदी काढावीच लागली तर घरट्याभोवतीची दोन-तीन फूट पालवी तशीच ठेवावी. सावली गेली की मेच्या उन्हात पिल्ले टिकत नाहीत. घरटे उचलून शेजारच्या झाडावर ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा आहे. ते बेचक्यात विणलेले असते, सोडवताना फाटते आणि पालक नव्या जागी येत नाहीत.

वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या नोव्हेंबर ते जानेवारीतच काढता येतात. वाळकी फांदी जूनपर्यंत पुन्हा उगवत नाही. शेंडे उडवून झाड बोडके केल्यास मात्र कापाजवळून फुटणारे धुमारे कमकुवत जोडाचे असतात आणि पुढे वादळात तेच आधी तुटतात. एका वेळी पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये.

पिसे न फुटलेले पिल्लू खाली सापडले तर हलक्या हाताने घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पालक त्याला टाकत नाहीत. पिसे असलेले, आखूड शेपटीचे पिल्लू उडायला शिकत असते. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हावे. दूध, पाव, भात यांपैकी काहीही भरवू नये. जखमी पक्ष्यासाठी वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरट्याला त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. ठेकेदाराला हे ठाऊक नसते आणि सोसायटीची समितीही विचारत नाही. म्हणून दोन्ही महापालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांना विनंती आहे की, छाटणीच्या परवानगीपत्रात ‘घरट्यांची पाहणी केली : तारीख, वेळ, सही’ असा रकाना घालावा. तो कोरा असेल तर एप्रिल ते जुलै या काळात फक्त धोकादायक फांद्यांनाच परवानगी द्यावी.

– एक वाचक, ठाणे (प.)