गाडी आणू नका म्हणणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं भाऊ. नागपुरात कस्टम ब्रोकरचं, जुन्या बोलीत सीएचएचं, म्हणजे परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देण्याचं, काम करणारी माणसं मोजकीच आहेत; ओळखणारे ओळखतील. दुबई, मस्कत, लंडन, सिंगापूर अशा ठिकाणच्या नोकऱ्या संपवून नागपूरला परतलेल्या आम्हा काही कुटुंबांचं सामान तुमच्या हातून सुटलं. तोंडी आभार मानून झालेत. पण तुम्ही फोनवर जे पुन्हापुन्हा समजावलंत ते पुढच्यांना लिहिलेलं मिळावं, म्हणून हे उघड पत्र. शिवाय तुमचा सल्ला बहुतेक वेळा तुमचंच काम कमी करणारा होता, हेही चारचौघांत सांगायचं होतं.

गाडीचंच घ्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, कारण निवृत्तीच्या आधी घेतलेली चांगली गाडी विकायचं जिवावर येतं. घरसामानासोबत गाडीही ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’मध्ये (टीआरमध्ये), म्हणजे कायमचं परतणाऱ्याला मिळणाऱ्या शुल्काच्या सवलतीत बसेल असा बहुतेकांचा समज. तुम्ही पहिल्याच फोनवर कस्टम्स कायदा, १९६२ मधलं कलम २(३) वाचून दाखवायचात: बॅगेजच्या व्याख्येत मोटार वाहन येतच नाही. म्हणजे गाडीची आयात वेगळी, तिचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातपत्र, वेगळं, आणि टीआरची सवलत तिला लागू होत नाही. त्यावर डीजीएफटीच्या, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालयाच्या, अटी. वापरलेली गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा. निघण्याआधी तिकडच्या मान्य संस्थेचं तपासणी प्रमाणपत्र, इकडे उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची (पूर्वीचं अहमदनगर) व्हीआरडीई यांच्यासारख्या संस्थेची चाचणी. आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात.

एवढं ऐकल्यावर आखातातल्यांचा विषय तिथेच मिटतो, कारण तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. लंडनवाल्यांना वाटतं आपलं तर उजवीकडे आहे. पण तिथला स्पीडोमीटर मैलांत असतो. सिंगापूरवाले दोन्हींत बसतात, मग त्यांची गाठ शुल्काशी पडते. मूळ सीमाशुल्क, त्यावर बाकीचे कर, असं चढत चढत ते गाडीच्या किमतीच्या वर जातं. किंमतही मालकाला सवलतीत मिळाली ती धरत नाहीत. कंपनीची नव्या गाडीची किंमत धरून घसारा वजा करतात आणि भाडं-विमा मिळवतात. एवढं करून गाडी नागपूरच्या आरटीओत पोचलीच, तरी सुटे भाग कोण देणार हा प्रश्न राहतोच.

‘कार्नेवर आणून ठेवली तर?’ हा उपप्रश्नही तुम्ही लगेच कापायचात. कार्ने म्हणजे शुल्क न भरता गाडी तात्पुरती आणण्याचा कागद, ती फिरायला आलेल्याची सोय आहे. त्यावर आलेली गाडी मुदतीत परत बाहेर न्यावी लागते. कायमचं राहायला आलेल्याला ती वाट नाही.

त्याऐवजी तुम्ही सांगितलेलं काम अर्ध्या दिवसाचं. गाडी तिकडेच विका; कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्या, दंड भरून टाका. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र न विसरता आणा. परदेशात कमावलेला बोनस भारतातल्या नव्या पॉलिसीवर मिळू शकतो. तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इकडची घेतली पाहिजे. हे शोरूमवाला आपणहून सांगत नाही. सोबत इकडच्या लायसन्सची तारीखही पाहून ठेवा. संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. तीस वर्षं दुबईत गाडी हाकलेल्या माणसाला त्या ट्रॅकवर उभं राहायला आवडत नाही, पण इलाज नाही.

आता घरसामान. आमची सामानं २०१६ च्या बॅगेज नियमांखाली सुटली, म्हणून पुढचे आकडे त्यातले. नियम बदलतात, निघायचं ठरलं की सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर चालू नियम उघडून पाहावेत. त्या नियमांत येण्याआधी सलग दोन वर्षं बाहेर राहिलेल्याला पाच लाख रुपयांपर्यंतचं घरसामान शुल्काशिवाय होतं. त्या दोन वर्षांत भारतातल्या भेटी मिळून सहा महिन्यांच्या वर नकोत आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नको. दोन वर्षांना दोन महिन्यांपर्यंत कमी पडले तर उपायुक्त किंवा सहायक आयुक्त माफ करू शकत. भेटींचे दिवस जास्त झाले तर ते आयुक्तांच्या हातात. तिसऱ्या अटीला माफी नव्हती.

नागपूरकरांची अडचण भेटींच्या दिवसांत होते. शेवटच्या दोन वर्षांत आईवडिलांची आजारपणं, मुलांची लग्नं, घराचं बांधकाम, सगळं एकदम येतं आणि सहा महिने कधी भरले ते कळत नाही. म्हणून तुम्ही नोकरी सोडण्याच्या तारखेआधीच पासपोर्टच्या सगळ्या पानांची प्रत मागवायचात, कोरी पानंसुद्धा, आणि स्वतः दिवस मोजायचात. ई-गेटमधून ये-जा करणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्के नसतात. त्यांना तिकडच्या इमिग्रेशनचा प्रवेश-निर्गमनाचा दाखला काढायला लावायचात. व्हिसा रद्द झाल्यावर तो दाखला काढायला फार फिरावं लागतं. दिवस जास्त भरत असतील तर कारणाची कागदं, म्हणजे हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, तिकिटं, सामान निघण्याआधीच फाइलला लावलेली. जहाज लागल्यावर कागद शोधायला बसलं की डेपोचं, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या तळाचं, भाडं चालू होतं.

या भाड्याबद्दल तुम्ही जितकं बोललात तितकं दुसऱ्या कशाबद्दल बोलला नाहीत, आणि ते रास्तच आहे. मीटर दोन असतात. ग्राउंड रेंट डेपोला जातं, जागेचं. डिटेंशन शिपिंग कंपनीला जातं, कंटेनर अडवून ठेवल्याचं. दोन्हींचे फुकटचे दिवस वेगळे आणि ते संपले की दोन्ही एकदम धावतात, दर टप्प्याटप्प्याने वाढतो. मालक भारतात उतरलाच नसेल तर टीआरचं बॅगेज सुटत नाही, कारण पासपोर्टवरचा येण्याचा शिक्का हाच मुख्य कागद. २०१६ च्या नियमांत सामान मालकाच्या आधी दोन महिन्यांपर्यंत उतरू शकत होतं, किंवा मालक आल्यावर महिन्याभरात तिकडून निघायला हवं होतं. आधी उतरलेलं सामान नियमात बसलं तरी खिशात बसत नाही. कंपनीने निरोपाची तारीख पुढे ढकलली की लोक तिकडे थांबतात आणि कंटेनर इकडे येऊन उभा राहतो. म्हणून तुमचा हिशोब साधा: आधी माणूस, मग माल. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर कायद्याच्या कलम ४८ खाली नोटीस देऊन तो विकताही येतो, हे तुम्ही घाबरवायला सांगत नव्हतात, पण घाबरायला व्हायचं.

चुकण्याची दुसरी जागा बिल ऑफ लेडिंगची (बीएल), म्हणजे शिपिंग कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची. पॅकर्सचा माणूस सवयीने ‘न्हावा शेवा’ लिहून मोकळा होतो. पूर्ण कंटेनर असेल तर उतरण्याचं बंदर न्हावा शेवा आणि ‘प्लेस ऑफ डिलिव्हरी’च्या रकान्यात नागपूरचा कंटेनर डेपो, असं दोन्ही हवं. मग कंटेनर सीलबंद अवस्थेत ट्रान्सशिपमेंट परमिटवर रेल्वेने इकडे येतो आणि तपासणी इथेच होते. तो रकाना चुकला की तपासणी बंदरावर, मालकाच्या मुंबईच्या फेऱ्या सुरू, आणि मेनिफेस्टमधली, म्हणजे जहाजाच्या मालयादीतली, दुरुस्ती म्हणजे वेगळा अर्ज. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. मधलं नाव गाळलं तरी प्रश्न उभा राहतो. मूळ बीएल कुरिअरने मागवण्यापेक्षा तिकडेच सरेंडर करून टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल द्या असा शिपिंग कंपनीचा निरोप, घ्यायला लावायचात. कुरिअर अडकलं तर डीओ, म्हणजे शिपिंग कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, मिळत नाही आणि मीटर चालूच.

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद, २.३९ उंच, म्हणजे कागदावर ३३ घनमीटर. फर्निचर भरताना पोकळ्या राहतात. प्रत्यक्षात २५ ते २८ धरावेत. सामान याच्या निम्म्याहून कमी असेल तर लोक एलसीएल घेतात, म्हणजे दुसऱ्यांसोबत वाटून. तो माल सहसा मुंबईतच सोडवून ट्रकने आणावा लागतो. तिकडे सांगितलेल्या दरात इकडचे आकार धरलेले नसतात, आणि कंटेनरमधल्या दुसऱ्या कोणाच्या मालावरून अडलं तर आपलाही थांबतो. दारापर्यंतचा दर लेखी घ्या हा तुमचा आग्रह त्यासाठीच.

पॅकिंग लिस्टवर तर तुम्ही आमच्याकडून शाळेसारखा गृहपाठ करून घेतलात. प्रत्येक खोक्याला क्रमांक; आत काय, किती, किती साली घेतलं, आजची किंमत काय. विजेच्या वस्तूंचं मॉडेल आणि सिरीयल नंबर. ‘किचन आयटेम’ आणि ‘मिसलेनियस’ हे शब्द हद्दपार. ज्या खोक्यावर असं काही लिहिलेलं असतं तेच अधिकारी आधी उघडायला सांगतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. यादी नेमकी असेल तर चार खोकी पाहून काम होतं. टीव्ही आणि ३०० लिटरच्या वरचा फ्रिज शुल्कमुक्त यादीत नव्हते. सवलतीच्या दराने शुल्क भरून कुटुंबामागे एक-एक आणता यायचा. ते लपवण्यापेक्षा पहिल्या पानावर लिहा, असं तुमचं सांगणं. खोकी पॅकर्सनाच भरू द्यावीत. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. लाकडी क्रेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची किंवा धुरी दिल्याची खूण. नाहीतर सामानाऐवजी पेटीच अडते.

नातवासाठी घेतलेला ड्रोन काढा, त्याची आयात २०२२ पासून बंद आहे. ई-सिगारेट नाही, सॅटेलाइट फोन नाही, बियाणं आणि कुंड्या नाहीत. दागिने कंटेनरमध्ये कधीच नाहीत.

काय आणू नये यावरचं तुमचं मत मात्र कायद्यातलं नव्हतं, नागपूरच्या उन्हातलं होतं. लंडनच्या दमट हवेत मुरलेलं भरीव लाकडाचं टेबल इथल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की, सांध्यातून उघडतं. एमडीएफची कपाटं कूलरच्या खोलीत महिन्याभरात कडेने फुगतात. सागवानासाठी आलापल्ली आणि बल्लारपूर उशाशी असताना भुशाची कपाटं समुद्रावरून कशाला आणता, हा तुमचा प्रश्न ऐकून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी चाळीस फुटीवरून वीस फुटीवर येणं पत्करलं. तुमच्या बिलातही तेवढीच घट झाली असणार.

अमेरिकेहून येणाऱ्यांना तर तुम्ही सरळ सांगायचात की मोटर असलेलं काही आणू नका. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. फ्रिजसारख्यांच्या मोटरी हळू चालतात आणि तापतात. दुबई-मस्कतचं ५० हर्ट्झचं आहे, तिथे नुसता प्लग बदलला की भागतं.

शेवटचा टप्पाही तुम्ही सोडला नाहीत. ‘आउट ऑफ चार्ज’ झालं, म्हणजे कस्टम्सने माल सोडला, की काम संपलं असं तुमच्या जागी दुसरा म्हणाला असता. महाल, इतवारी किंवा धरमपेठेच्या आतल्या गल्लीत ट्रेलर वळत नाही, शहरात जड वाहनांच्या वेळा ठरलेल्या. म्हणून डेपोतच माल उतरवून छोट्या गाड्यांतून आणायचा, आणि रिकामा कंटेनर त्याच दिवशी परत करून पावती घ्यायची. ती पावती डिटेंशन थांबल्याचा पुरावा. काही महिन्यांनी शिपिंग कंपनीचं जादा बिल आलं तर हाच कागद कामी येतो. हमालांचे पैसे आधी ठरवा, हेही तुम्हीच सांगितलंत.

भाऊ, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या हंगामात आमच्या ओळखीतली आणखी काही मंडळी परतताहेत. त्यांना हे पत्र आधी वाचायला लावू, मगच तुमचा नंबर देऊ.

आपली,
परदेशातून निवृत्त होऊन नागपुरात आलेली काही कुटुंबं

ता. क. फ्रंटलोड वॉशिंग मशीन हलवण्याआधी ड्रम जखडणारे ट्रान्झिट बोल्ट परत लावायला हवेत, नाहीतर वाटेत सस्पेन्शन जातं, हेही तुमचंच. मशीन बसवतानाच ते बोल्ट टाकून दिलेले असतात. बहुतेक कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुटे मिळतात. पॅकर्स येण्याच्या आधीच्या आठवड्यात मागवावेत. आणि घरी पोचल्यावर मशीन चालू करण्याआधी आठवणीने काढावेत.