गिरणीवाल्या नानांना, पट्टा उतरवल्याबद्दल

नाना, नमस्कार.

तुम्ही हे वाचणार नाही ते माहितीये, तुमचा मोबाईल बटनवाला. पण तुमचा नातू वाचेल आणि रात्री जेवताना सांगेल, म्हणून लिहितेय. काल रात्री पावणेदोनला फिल्म एक्स्पोर्ट झाली एकदाची. शेवटची दहा मिनिटं मी स्क्रीनकडे कमी आणि पंख्याकडे जास्त बघत होते, कारण यूपीएस मागच्या मेपासून मेलेलाच आहे आणि पंखा थांबला की सगळं संपलं. नाही थांबला. मग हेडफोन लावून पूर्ण १४ मिनिटं डोळे मिटून नुसती ऐकली, आणि बाराव्या मिनिटाला आजी गप्प होते ना, तिथे मला रडू आलं. तिथे मागे काहीच आवाज नाहीये. एक होला घुमतो लांब कुठेतरी, आणि आजीची एक बांगडी दुसरीवर घसरते. बस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजीचं गाव हतनूर धरणाच्या पाण्यात गेलं. तापी-पूर्णेच्या संगमाकडचा भाग तो, आजी अजून मुक्ताईनगरला एदलाबादच म्हणते. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडले अशी बातमी लागली की ती टीव्हीचा आवाज बंद करते आणि चित्र मात्र बघत बसते. त्या गावाचा एकही फोटो कोणाकडे नाही, लग्नातला सुद्धा नाही, तेव्हा कोण फोटो काढत होतं. म्हणून आवाज आजीचा खराखुरा आणि गाव हाताने काढलेलं, अशी डॉक्युमेंटरी. सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०, चार वर्षं गेली त्यात. मधे पोटासाठी लग्नपत्रिकांचे व्हिडिओ केले, क्लासेसच्या जाहिराती केल्या, केळीच्या टिश्यूकल्चर रोपांच्या एका जाहिरातीसाठी केळीचं पान हलवून दिलं, त्याचे पैसे अजून यायचेत. घरचे विचारायचे, कार्टून झालं का गं?

मदत करतो म्हणणारे कमी नव्हते हो. एका मंडळाने तर शाल-नारळ दिला, माईकवर जाहीर केलं की आपल्या खान्देशच्या कन्येला आम्ही काही कमी पडू देणार नाही, आणि त्यानंतर तो फोन आजपर्यंत उचलला गेला नाहीये. शाल आहे, कॉम्प्युटर झाकायला वापरते. दुसरे ते शहरातले स्टुडिओवाले. आजीला गुडघे धरत धरत दोन जिने चढवून नेलं, काचेच्या खोलीत बसवलं, एसी एवढा की ती पदर गुंडाळून बसली, समोर तो माणूस घड्याळ बघतोय कारण तासाचे पैसे. आजी एक शब्द बोलली नाही. वरून सल्ला काय, तर हे आपण पुण्याच्या व्हॉइस आर्टिस्टकडून शुद्ध मराठीत करून घेऊ. आजी म्हणते, "पानी काही धावत नई आलं, हयू हयू आलं." ते 'हयू' त्यांना 'हळू' करून पाहिजे होतं. अहो त्या एका 'य'साठी तर मी चार वर्षं घातली!

तर आजी बोलणार घरीच, तिच्या खाटेवर, आणि खाटेच्या भिंतीपलीकडे तुमची गिरणी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर, पापड-कुरडयांचे दिवस, डब्यांची रांग पार चौकापर्यंत. आधी मी लाईट जायची वाट बघायचे. लाईट गेली की रेकॉर्डर सेलवर चालू करायचा, आजीने सुरुवात करेपर्यंत लाईट परत, आणि भिंत थरथरायला लागायची. तिसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले ते खरं तर भांडायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून एवढंच विचारलंत, "किती वाजता बोलती ती?" मी म्हटलं, दुपारी एक ते चार. तुम्ही शटरवर खडूने लिहिलंत, ४ नंतर या. ऐन सीझनचे अकरा दिवस! मी पैशाचं काढलं तर तुम्ही दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागलात.

पण मला त्याच्यापेक्षा पट्टा जास्त लक्षात राहिलाय. पहिल्याच दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तुम्ही मोटरचा पट्टा पुलीवरून उतरवला, खांद्यावर उपरण्यासारखा टाकला आणि ओट्यावर जाऊन बसलात. मी विचारलं, बटन बंद आहे ना मग हे कशाला? तुम्ही म्हणालात, "बटन बंद ठेवलं त काय व्हते, एखादं पोरगं येऊन दाबीन." अकराही दिवस तेच. कोणी डबा घेऊन आलं की तुम्ही तोंडावर बोट ठेवायचे, आणि गंमत म्हणजे बायका डबा ठेवून तिथेच बसायच्या, भिंतीला कान लावून. एवढ्या मोठ्या लोकांनी मला सल्ले दिले पण आपल्यामुळे कामात खोडा येऊ शकतो हा विचार कोणालाही शिवला नव्हता. तुम्ही पोरगं बटन दाबेल इथपर्यंत विचार केलात. असली माणसं आहेत गावोगाव, फक्त त्यांना कोणी माईक देत नाही, आणि दिला तरी ते घेणार नाहीत म्हणा.

नवव्या दिवशी आजी ते बोलली, पाणी उंबऱ्याला लागलं ते. आणि गप्प झाली. मी घड्याळ नाही पाहिलं, नंतर मोजलं तर १९ सेकंद. त्याची २२८ चित्रं काढलीत मी, आणि त्या सगळ्यांत फक्त तिचा हात हलतो. त्यात गिरणी सुरू झाली असती तर आजी परत तिथपर्यंत आली नसती, मी काही तिला दुसऱ्यांदा विचारणार नव्हते.

तुम्ही एकदा विचारलं होतं, हे खरं आहे का चित्राचं आहे? मी सांगितलं होतं की अमेरिकेत विन्सर मॅके नावाचा माणूस होता, १९१५ ला लुसिटानिया नावाचं जहाज बुडालं तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता म्हणून त्याने ते सगळं काढून १९१८ मध्ये फिल्म केली. तुम्ही म्हणालात, "म्हंजे बुडालेलं काढाची जुनीच पद्धत हाय." हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी माझं म्हणून सांगते, माफ करा.

आणि ते पीठ. आजीने ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने रेघ ओढून दाखवलं होतं ना, हा घाट, हे आमचं घर, हा पार, ते सीन मी पिठातच केलेत. काचेखाली दिवा, वर पीठ, रेघ ओढायची, फोटो घ्यायचा, पुसायचं, परत रेघ. गव्हाचं काचेला चिकटेल म्हणून तुम्ही ज्वारी जरा रवाळ दळून दिली, ती बरोब्बर निघाली. एका रात्री मुंग्यांनी अख्खा घाट नेला, तो सीन परत केला, पण तो दोष तुमचा नाही.

आखाजीच्या आधी फिल्म दाखवायचीये, आजीलाच आधी. पडदा तुमच्या गिरणीच्या भिंतीवर लावू, चुना मी मारून घेते. ज्वारीच्या तीन डब्यांचे पैसे तेव्हा घ्या, नाही म्हणू नका. आणि त्या संध्याकाळी पट्टा उतरवून ठेवा.

तुमची,
भिंतीपलीकडची कार्टूनवाली