स्वस्त 'डॅक' सुधारायचा तर आधी वीजपुरवठा पाहा

महोदय,

नव्या दूरचित्रवाणी संचांच्या पाठीमागची लाल-पांढरी ऑडिओ सॉकेटे एकेक करून नाहीशी होत चालली असून बऱ्याच संचांवर आता केवळ ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) आणि एचडीएमआय एवढीच सोय उरली आहे. गोव्यात घराघरांत कुणी आखातातून, कुणी बोटीवरच्या नोकरीतून आणलेले जुने ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अजून ठणठणीत आहेत आणि ते टाकून देण्याची कोणाची इच्छा नसते. त्यामुळे तळहातावर मावणारी, काहीशे रुपयांना मिळणारी डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरची पेटी, म्हणजेच टीव्हीचा डिजिटल सिग्नल जुन्या ॲम्प्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा 'डॅक', आणून दोघांची गाठ घालून दिली जाते. पेटी चालते, पण घरघर येते, आवाज कोरडा वाटतो, आणि मग ती 'सुधारण्याचे' प्रयोग सुरू होतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्याने अशा सुधारलेल्या आणि सुधारता सुधारता बिघडलेल्या पेट्या माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यांत पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च झालेला दिसतो, म्हणून हे पत्र.

पेटी उघडली की आत फार काही नसते. एका टोकाला काळे ऑप्टिकल सॉकेट, मध्ये डिजिटल सिग्नल वाचणारी चिप, तिच्या शेजारी प्रत्यक्ष डॅकची चिप, दाब स्थिर ठेवणारा तीन पायांचा एखादा 3.3 व्होल्टचा रेग्युलेटर, चार-सहा कपॅसिटर आणि दुसऱ्या टोकाला आउटपुटची दोन सॉकेटे, एवढाच संसार. लोकांचा सगळा रोष डॅकच्या चिपवर असतो आणि तो अनाठायी आहे. अशा पेट्यांत सापडणाऱ्या सीएस 4344 या साध्या चिपचे उदाहरण घ्या. तिच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत मोठा सिग्नल आणि चिपची स्वतःची खरखर यांतले अंतर, 105 डेसिबल दिलेली आहे आणि 16 बिटच्या सीडीची तात्त्विक मर्यादा सुमारे 98 डेसिबल आहे. म्हणजे कागदावर तरी ही स्वस्त चिप सीडीला पुरून उरते. प्रत्यक्षात ती क्षमता कानापर्यंत पोहोचत नाही, कारण उत्पादकाने काटकसर केलेली असते ती चिपभोवतीच्या भागांत, आणि त्यातही सर्वांत जास्त वीजपुरवठ्यात.

या जातीच्या चिपचे आउटपुट तिला मिळणाऱ्या ॲनालॉग पुरवठ्याच्या प्रमाणात असते. पुरवठा 5 व्होल्ट असेल तर आवाजाचा सिग्नल मोठा, 3.3 असेल तर लहान. याचा सरळ अर्थ असा, की त्या पुरवठ्यावर जी काही वळवळ असेल तिचा काही अंश संगीताबरोबर बाहेर पडतो. पेटीसोबत मिळणारा हलका स्विचिंग ॲडॅप्टर उच्च वारंवारतेवर चालू-बंद होत असतो आणि त्याच्या 5 व्होल्टवर ती खरखर स्वार झालेली असते. ज्या पेटीत ॲनालॉग भागासाठी वेगळा रेग्युलेटर न देता हेच 5 व्होल्ट थेट चिपला जोडलेले आहेत, तिथे चिपला दोष देण्यात काय अर्थ?

घरघरीचे आणखी एक कारण या ॲडॅप्टरमध्येच दडलेले असते. दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये मुख्य विजेची बाजू आणि 5 व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो, ज्यातून अत्यल्प गळतीचा प्रवाह वाहतो. काही उपकरणांच्या धातूच्या अंगाला ओल्या हाताने स्पर्श केला की मुंग्या येतात त्या याच गळतीमुळे. हा प्रवाह ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडे वाट शोधतो आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. याची परीक्षा करायला एक पैसाही लागत नाही. ॲडॅप्टर काढा, पेटी मोबाइलच्या पॉवर बँकेवर लावा आणि ऐका. घरघर गेली तर दोष ॲडॅप्टरचा. ती तशीच राहिली तर केबल, ॲम्प्लिफायरचे अर्थिंग किंवा सेट-टॉप बॉक्समधून येणारी कोॲक्सिअल (धातूची) तार तपासावी, पेटीला हात लावू नये. कोॲक्सिअलऐवजी ऑप्टिकल जोडणी वापरली की दोन उपकरणांमधला विजेचा संबंधच तुटतो, आणि कित्येकदा तक्रार तिथेच मिटते.

दोष ॲडॅप्टरचाच निघाला, तर जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवर चालणारा पुरवठा करून घेणे हा माझ्या मते या पेटीवर करण्याजोगा सर्वांत फलदायी बदल आहे. 9 व्होल्ट, 500 मिलीअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, 25 व्होल्ट क्षमतेचा 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7805 हा 5 व्होल्टचा रेग्युलेटर, एवढ्या सामग्रीत तो होतो; हे भाग सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळतात. ट्रान्सफॉर्मर 9 व्होल्टचाच का, याला आपल्याकडचे कारण आहे. पावसाळ्यात गावाकडे दाब 230 व्होल्टवरून 190 पर्यंत उतरला, तरी पेटी घेते तेवढ्या दीडशे मिलीअँपिअर प्रवाहाला 7805 च्या तोंडाशी सुमारे 8 व्होल्ट शिल्लक राहतात आणि त्याला नीट काम करायला 7 व्होल्ट पुरतात. 6 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून स्वस्तात सुटू पाहणाऱ्यांची पेटी नेमकी संध्याकाळी, सगळ्या वाड्यावरचे दिवे लागले की गुणगुणू लागते. एक मात्र बजावून सांगतो: ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला 230 व्होल्ट असतात, तिथे फ्यूज आणि बंद खोका हवाच, आणि ज्याला या कामाची सवय नाही त्याने ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

दुसरी जागा आउटपुटच्या कपॅसिटरची. चिपच्या आउटपुटवर असलेला स्थिर दाब अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणे हे त्याचे काम. येथील 10 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक काढून त्या जागी महागडा फिल्म कपॅसिटर बसवण्याची मोठी हौस दिसते आणि कल्पना मुळात वाईट नाही. पण 10 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर पेटीत मावत नाही, म्हणून 0.47 चा बसवला जातो, आणि तिथे गफलत होते. हिशेब सोपा आहे: 159 या आकड्याला ॲम्प्लिफायरच्या इनपुटच्या रोधाचे किलोओहम आणि कपॅसिटरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागले, की कोणत्या वारंवारतेला आवाज 3 डेसिबलने उतरतो ते हर्ट्झमध्ये मिळते. इनपुट 10 किलोओहम असेल तर 10 मायक्रोफॅरडला हा आकडा दीड हर्ट्झच्या आसपास येतो, 0.47 ला मात्र 34 हर्ट्झ. म्हणजे पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज किंवा घुमटाचा घुमारा जिथे राहतो त्या भागालाही किंचित कात्री लागते. खालचा भाग हलका झाला की वरचा उठून दिसतो, आणि मालक खूश होऊन सांगतात की आवाज 'स्वच्छ' झाला! इनपुट 47 किलोओहम असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला तोच 0.47 खुशाल लावावा, तिथे आकडा 7 हर्ट्झवर येतो आणि काही बिघडत नाही. पीसीएम 5102ए सारख्या चिपवर तर हा कपॅसिटर लागतच नाही. ती ऋण दाब स्वतःच तयार करते आणि तिचे आउटपुट शून्याभोवतीच फिरते. तेव्हा चिपचा क्रमांक वाचल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नये.

आता ऑप-ॲम्पबद्दल, म्हणजे काही पेट्यांत आउटपुटच्या आधी असणाऱ्या, सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपबद्दल, कारण सर्वाधिक पैसा तिथेच जातो. आहे तो ऑप-ॲम्प उपटून एनई 5532 किंवा त्याहून महाग काहीतरी बसवायचे, हा सल्ला सर्रास दिला जातो. 5532 उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला सहसा धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे दिले जातात, आणि केवळ 5 व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर तो त्याच्या नेमून दिलेल्या मर्यादेत बसत नाही. सीडी प्लेअरच्या तोडीचा 2 व्होल्टचा सिग्नल शिखरापासून तळापर्यंत मोजला तर साडेपाच व्होल्टांच्या वर जातो. तो 5 व्होल्टच्या पेटीतून निघणार कसा? हळू आवाजात सारे गोड लागते आणि तान वर चढली की फाटते. याहून वेगवान ऑप-ॲम्प बसवले आणि त्यांच्या पुरवठ्याच्या पायांना अगदी लगटून 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर दिला नाही, तर ते ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आपोआप आंदोलने करू लागतात, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करू लागतात. चिप हाताला गरम लागते आणि आवाजावर एक प्रकारची करकरीत झाक येते, जिला काही जण 'तपशील' समजतात. ऑनलाइन बाजारात महागड्या क्रमांकांच्या नकली चिपही येतात, हे निराळेच.

बदल केल्यावर फरक पडला की नाही हे ठरवण्याचीही एक रीत आहे. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज माणसाला मोठा न वाटता 'चांगला' वाटतो, आणि अर्धा डेसिबल म्हणजे दाबात जेमतेम 6 टक्क्यांचा फरक. म्हणून जुनी आणि सुधारलेली अशा दोन सारख्या पेट्या शेजारी ठेवून, 200 हर्ट्झचा स्वर लावून, मल्टीमीटरने दोन्हींचे आउटपुट सारखे करून घ्यावे, आणि कोणती चालू आहे हे न सांगता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बदलायला लावावे. वीजपुरवठ्याचा फरक अशा परीक्षेत अनेकदा टिकतो, विशेषतः गाण्यांमधल्या शांततेत. महागड्या ऑप-ॲम्पचा फरक बहुधा टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादा राहतेच: केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांच्या 78 आर.पी.एम. तबकड्यांवर जे उतरले नाही ते कोणत्याही पेटीतून काढता येणार नाही.

आपल्या दमट, खाऱ्या हवेबद्दल थोडेसे. सोल्डरिंगनंतर पट्टीवर उरलेला फ्लक्स (सोल्डरसोबत वापरला जाणारा चिकट पदार्थ) पावसाळ्यात ओल धरतो आणि त्यातून बारीक गळती सुरू होते. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. 105 अंशांना 2000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांना सुमारे 32000 तास काढतो, म्हणजे पेटी रात्रंदिवस चालू ठेवली तर साडेतीन वर्षांच्या आसपास. टीव्ही बंद करताना पेटीचाही स्विच बंद करणे ही फुकटची सुधारणा आहे.

विक्रेत्यांकडे माझी एक मागणी आहे. खोक्यावर '192 किलोहर्ट्झ, 24 बिट' असे ठसठशीत छापण्यापेक्षा आत कोणती चिप आहे, आउटपुट किती व्होल्ट मिळते आणि ॲनालॉग भागाला वेगळा रेग्युलेटर आहे की नाही, या तीन गोष्टी छापाव्यात. आणि पणजीच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांनी सुट्टीच्या दिवशी अधूनमधून आपली प्रयोगशाळा दुरुस्तीवाल्यांना आणि हौशी मंडळींना खुली करून दिली, तर ऑप-ॲम्प आंदोलने करतो आहे की नाही, हे कानावर न सोडता ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहून ठरवता येईल. आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांना ते उपकरण स्वतःचे घेणे अजूनही परवडत नाही.

— एक वाचक, फोंडा