चेहऱ्यावरचा नायटा आणि मेडिकलमधली ट्यूब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कसबा पेठेत माझं लहानसं सलून आहे. वडिलांच्या हाताखाली वस्तरा धरला त्याला आता सव्वीस वर्षं होतील. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा जितक्या जवळून दिसतो तितका त्याच्या घरच्यांनाही दिसत नसेल. तोच गाल, तीच हनुवटी दर पंधरा दिवसांनी हाताखालून जाते. गेल्या काही वर्षांत या चेहऱ्यांवर जे बघतोय, ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

पूर्वी नायटा म्हटला की जांघेत नाही तर कमरेला. गालावर, कानापुढे, भुवईजवळ क्वचितच दिसायचा. आता खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याला कापड लावताना माझी नजर आधी तिथेच जाते.

मागच्या श्रावणात माझ्या पुतण्याच्या उजव्या गालावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. कडा उंच, मधे फिकट, खाज मरणाची. दिवसभर दुचाकीवरून पार्सलं पोचवतो, डोक्यावर हेल्मेट, आत घामाने आणि पावसाने भिजलेला रुमाल. त्याला ट्यूब मी सांगितली, कारण बरीच गिऱ्हाइकं तीच लावतात. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही. चौथ्या दिवशी खाज थांबली, लाली उतरली, आम्ही निर्धास्त झालो. ट्यूब थांबवल्यावर दोन आठवड्यांत चट्टा परत आला, आणि आता गोल राहिला नव्हता. कानापर्यंत पसरला होता, वर बारीक पुटकुळ्या. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. दिवाळीपर्यंत तीन ट्यूब संपल्या. तोवर त्याच्या आईच्या कमरेला आणि धाकट्या बहिणीच्या गळ्याला तेच आलं, कारण घरात टॉवेल एक आणि ट्यूबही एक.

शेवटी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडने हलकेच खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे मलाही दाखवले. मग ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. बुरशीच्या औषधासोबत तिच्यात क्लोबेटासॉल नावाचं फार जोरदार स्टिरॉइड होतं. त्यांनी समजावलं ते असं : लाली आणि खाज म्हणजे शरीर बुरशीशी झगडत असल्याची खूण. स्टिरॉइड तो झगडाच दाबून टाकतं. वरून बरं दिसतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. चट्ट्याची गोल कड पुसली जाते, रोग ओळखू येईनासा होतो. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात, म्हणजे ओळख लपवलेला नायटा.

त्यात भर म्हणजे आपल्याकडे पसरलेली बुरशीची एक जात, जिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. म्हणून आता उपचाराला आठवडे लागतात, कधी महिनेही. पुतण्याला बरं व्हायला अडीच महिने लागले. त्या गालाची कातडी अजून पातळ आहे, उन्हात गेला की लाल होते, आणि खाली बारीक शिरा दिसतात. ती ट्यूब मी सांगितली होती. त्याची दाढी करताना दर वेळी ते आठवतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर, केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव राहतात. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एरवी ते काही त्रास देत नाहीत, त्यांच्यामागे लागायचं कारणही नाही. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावलं तर ते बेसुमार वाढतात आणि मुरमांसारखे लाल फोड येतात. लोकांना वाटतं मुरमंच आहेत, आणि त्यावर पुन्हा तीच ट्यूब चोळली जाते. गोरेपणासाठी ही मलमं लावणाऱ्या मुलीही आहेत. लग्नसराईत ‘ट्यूबने चेहरा उजळतो’ हे वाक्य मी माझ्याच दुकानात ऐकलंय.

दाढीच्या जागेवर बुरशी खोल गेली तर गाठी येतात, पू येतो, केस ओढला की न दुखता हातात येतो. जनावरांमध्ये वावरणाऱ्यांना हे जास्त होतं. मांजरी गावाहून येणारे आमचे एक दूधवाले काका त्याला वस्तऱ्याचे फोड समजून तुरटी फिरवत बसले होते. असा माणूस आला तर मी दाढी करत नाही, हात जोडून आधी डॉक्टरकडे पाठवतो. प्रत्येकाला नवं ब्लेड आणि धुतलेला टॉवेल हे तर हवंच, पण ब्रशही धुवायला हवा, हे माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगतो.

मुलांच्या गालावरच्या पांढुरक्या डागांबद्दलही लिहायला हवं. आया सरळ म्हणतात, पोटात जंत झालेत. शाळेत १० फेब्रुवारीला देतात ती जंताची गोळी मुलांनी जरूर घ्यावी, पण त्या डागांशी तिचा संबंध नाही. ते बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे डाग असतात, त्यात ना जंत ना बुरशी. साधं मॉइश्चरायझर लावलं आणि ऊन टाळलं की हळूहळू जातात. शिबं मात्र बुरशीचीच, आणि बुरशी मेली तरी फिकट डाग काही महिने राहतो, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजू नये. डागावर स्पर्श कळत नसेल तर एक दिवसही थांबू नका. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण ट्यूबवरचा इशारा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. माझ्या दुकानात येणाऱ्या दहांतले आठ जण तो वाचू शकणार नाहीत. तो ठळक मराठीत छापायची सक्ती व्हावी. अन्न व औषध प्रशासनाने पेठांतल्या, उपनगरांतल्या मेडिकलमध्ये साध्या गिऱ्हाइकासारखं जाऊन ही ट्यूब मागून बघावी. आणि तोवर आपण आपल्या आरोग्याच्या पानावर ही स्टिरॉइडची नावं मोठ्या टायपात छापावीत : क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन. घरातल्या ट्यूबवर यांतलं एकही नाव असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. ते पान छापून आलं की कात्रण आरशाशेजारी चिकटवायला जागा मी करून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक सलूनचालक, कसबा पेठ, पुणे