मिलिंदास पत्र: प्रीॲम्पमध्ये व्हॉल्व्ह हवाच असेल तर

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला, सोबतचे चारही स्क्रीनशॉट पाहिले. वीस हजारांत व्हॉल्व्हचा प्रीॲम्प, म्हणजे डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मधे बसणारी, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारी पेटी, बसते का, तर बसते. पण त्या चारांपैकी तीन मी तुला घेऊ देणार नाही. फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच ‘पण रिव्ह्यूमध्ये तर...’ सुरू करतोस, म्हणून लिहूनच काढतो.

आधी साधा हिशेब बघू. तुझा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारी डबी, बाहेर २ व्होल्ट देतो. तुझा क्लास-डी ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीनं वाजायला साधारण तेवढेच किंवा कमीच व्होल्ट मागतो. म्हणजे सिग्नल वाढवायची, यालाच गेन म्हणतात, गरज तुला जवळजवळ नाहीच. जाहिरातीत मात्र ‘हाय गेन’ हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं की जास्त म्हणजे चांगलं. दहापट गेनचा प्रीॲम्प लावलास तर नॉब जरा हलवला की घर दणाणेल. रात्री ऐकताना तू कायम नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागातच अडकशील, आणि स्वस्त पॉटचा (नॉबमागच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) डावा-उजवा फरक नेमका तिथेच सगळ्यात जास्त असतो. गायिका मधोमध उभी राहायच्या ऐवजी एका स्पीकरकडे सरकते. वर व्हॉल्व्हची खरखरही दहापट होऊन बाहेर येते.

म्हणून तुझा तो लाडका, सहा व्हॉल्व्हचा ‘मॅरांट्झ ७’ची नक्कल असलेला बोर्ड बाद. मूळ यंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरचं, उत्तमच होतं. पण ते एलपीच्या जमान्याचं. पिकअपमधून येणारे काही मिलिव्होल्ट वाढवायचे तर गेन लागणारच. त्यातले सहाही व्हॉल्व्ह १२एएक्स७, म्हणजे आपले जुने रेडिओवाले ज्याला ईसीसी८३ म्हणतात तो. त्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवायची कुवत, १००. तुझ्याकडे टर्नटेबल नाही, मग ही फौज कशाला पोसायची?

दुसरे दोन, ते तळहाताएवढे, पुढे दोन व्हॉल्व्ह आणि निळी मीटरं असलेले. त्यांत ६जे१ हा व्हॉल्व्ह असतो. हा पेंटोड (आत पाच इलेक्ट्रोड असलेला) मुळात उच्च वारंवारतेच्या रेडिओ-कामासाठीचा, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्याच्या प्लेटला शंभराच्या वर व्होल्ट मिळायला हवेत, तिथे असल्या बऱ्याच पेट्यांत पंचवीस-तीसच मिळतात. काहींत खरं काम ऑपॲम्प नावाची चिप करते आणि व्हॉल्व्ह दर्शनी. काचेखाली नारिंगी एलईडी लावून दिलेला असतो, तो प्रकाश फिलामेंटचा समजू नकोस. चार-पाच हजारांत गंमत म्हणून घ्यायचा तर खुशाल घे, पण मग वीस हजारांचं बजेट आहे असं म्हणू नकोस.

आता तुला नक्की काय हवंय ते बघू. डॅकमधून थेट येणारा आवाज तुला कोरडा वाटतो. ट्रायोडची, म्हणजे तीन इलेक्ट्रोडच्या साध्या व्हॉल्व्हची, विकृती (तो सिग्नलमध्ये स्वतःहून घालतो ती भर) मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, मूळच्या दुप्पट वारंवारतेची असते, म्हणजे मूळ सा असेल तर बरोब्बर एक सप्तक वरचा सा. तिसरा हार्मोनिक आला तर तो त्याच्याही वरचा पंचम. हे स्वर आपल्या गाण्यात मुळातच असतात, म्हणून कानाला ती विकृती न वाटता भरदारपणा वाटतो. तंबोऱ्याला जवारी नीट लागल्यावर वाटतो तसा. फक्त एक गोम आहे. नुसता कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल न वाढवता फक्त पुढे ढकलणारा व्हॉल्व्ह, ज्याला ‘ट्यूब बफर’ म्हणून विकतात, तो नीट बनवलेला असेल तर रंग जवळपास देतच नाही. तुला रंग हवाय, तर एक गेनची पायरी लागेल. ती आणायची आणि गेनची डोकेदुखीही टाळायची, हेच कोडं आहे.

माझं उत्तर: दर चॅनलला एक ईसीसी८२ (१२एयू७). त्याच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. पहिला वाढवेल, दुसरा फॉलोअर म्हणून पुढे ढकलेल. याचा फॅक्टर वीसच्या आतबाहेर, म्हणजे ८३च्या पाचव्या हिश्श्याइतका. कॅथोडच्या रेझिस्टरवरचा कपॅसिटर काढून टाकला की गेन आणखी उतरतो. आणि शेवटी दोन रेझिस्टरनी सिग्नल पुन्हा खाली आणायचा. त्याबरोबर व्हॉल्व्हची खरखरही खाली येते. बाहेर नेट दोन-अडीचपट उरलं तरी पुष्कळ, आणि नॉब मधल्या भागात खेळेल.

फॉलोअर का हवा, तेही सांगतो. ८३च्या प्लेटवरून थेट सिग्नल काढला तर आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) तीस-चाळीस हजार ओहमच्या घरात जातो; ८२च्या फॉलोअरचा पाचशे-सहाशे. पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स याच्या निदान दसपट असावा, असा ढोबळ नियम आहे. जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांचा तो लाखभर ओहम असायचा, क्लास-डीवाल्यांचा कित्येकदा दहा-वीस हजारच. सिग्नल ज्यातून बाहेर पडतो त्या शेवटच्या कपॅसिटरकडेही लक्ष दे. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असला आणि पुढे दहा हजार ओहम आले तर ३४ हर्ट्झलाच ३ डीबी गळतात, म्हणजे ताकद निम्मी होते, आणि गळती त्याच्या वरपासूनच सुरू होते. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. तो किंचित का होईना, पातळ होणार. तिथे दोन-तीन मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर हवा. विक्रेत्याला आधी हा कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा ते विचार. उत्तर देता आलं नाही तर पुढे बोलू नकोस.

पेटी हातात घेता आली तर उचलून बघ. खरा ट्रान्सफॉर्मर जड असतो. प्लेटला दीडशे ते अडीचशे व्होल्ट, आणि २३०चीच वाइंडिंग. अमेरिकेतून स्वस्तात मिळालेला ११०वाला घेऊन वर वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवायचा उद्योग नको. तुझ्याकडचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर गुणगुण येईल, तेव्हा प्रीॲम्प बिघडला म्हणून मला फोन करू नकोस. चालू करताना प्रीॲम्प आधी, ॲम्प्लिफायर मिनिटभरानं. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरला धक्का बसतो.

व्हॉल्व्हची फार चिंता नको. स्लोव्हाकियातल्या चाद्सा गावी जेजे कंपनी ८२ आजही बनवते, आणि प्रीॲम्पमधले छोटे व्हॉल्व्ह हजारो तास चालतात. इथे पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूला जुन्या रेडिओवाल्यांकडे अधूनमधून भारत इलेक्ट्रॉनिक्सचे निघतात. बंगळुरूच्या या सरकारी कारखान्यानं १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्यानं रिसीव्हिंग व्हॉल्व्ह काढले. मिळाला तर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारून बघायचा. स्पीकरमधून टणत्कार घुमत राहिला तर तो परत. आणि ‘१९६०चा अमुक छापाचा घ्या, आवाज बदलतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी पहिल्या वर्षी तरी लागू नकोस. त्या पैशांत चांगला पॉट येतो, आणि त्याचा फरक कुणालाही ऐकू येतो.

तुझ्या चारांतला चौथा, लाकडी बाजूंचा, दोन ईसीसी८२वाला, यात बसतो असं दिसतंय. सर्किट तेवढं मागव. किट घ्यायचं ठरवलंस तर मी येतो, पण एकट्यानं उघडायचं नाही; बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दोनशे व्होल्ट बसून असतात. बोर्डावर ते व्होल्ट उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर आहे का तेही विचारून ठेव.

ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्टिकरचा फोटो आजच पाठव, त्यावर इनपुट इम्पिडन्स लिहिलेला नसला तर मॉडेल नंबर कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि हा खर्च त्यांच्या कानावर घातलायस का, तेही लिही.

तुझा,
अभय